लाळ्या-खुरकुताचा विषाणू आपलं कवच कसं जुळवतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि लसीकरणाच्या मोसमात शिबिरांनाही जाते. वर्गात आणि गोठ्यात मिळून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विद्यार्थी 'व्हीपी१, व्हीपी२ (विषाणूच्या कवचातल्या प्रथिनांची नावं) पाठ होत नाहीत' म्हणून कुरकुरतात आणि गोठेवाले 'लस टोचूनही रोग आला' म्हणून. दोन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा एकाच जागी असतं, म्हणून उत्तरंही एकत्रच दिली आहेत.

इतके विषाणू असताना लाळ्या-खुरकूतच का?

कारण याची रचना सगळ्यात नीट उलगडलेली आहे आणि ती आपल्या गोठ्याशी थेट जोडलेली आहे. १८९८ मध्ये फ्रीडरिश लोफ्लर आणि पॉल फ्रॉश यांनी दाखवलं, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही या रोगाचं कारण आरपार जातं. प्राण्यांमधला हा पहिला ओळखला गेलेला विषाणू. पुढे १९८९ मध्ये के. रवी आचार्य, डेव्हिड स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं त्याच्या कवचातल्या अणूंची मांडणी उलगडली. आधी घरमालक सापडला आणि घराचा नकाशा हातात यायला नव्वद वर्षं लागली, असं मी वर्गात सांगते.

विषाणूचा 'कण' म्हणजे नेमकं काय?

प्रथिनांचं कवच आणि त्याच्या आत आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराचा, एक धागा. बस्स. या विषाणूला वरून चरबीचं पांघरूण नसतं. कवचाचा व्यास साधारण ३० नॅनोमीटर. धागा सुमारे ८,४०० अक्षरांचा. त्या धाग्यात कवचाच्या प्रथिनांचा मजकूर असतो, तसाच ती प्रथिनं कापणाऱ्या, धाग्याची नक्कल काढणाऱ्या आणि पेशीला वेठीला धरणाऱ्या प्रथिनांचाही असतो.

कवचात चार प्रकारची प्रथिनं: व्हीपी१, व्हीपी२, व्हीपी३ आणि व्हीपी४. प्रत्येकाच्या ६० प्रती, म्हणजे एकूण २४० तुकडे. पहिली तीन प्रत्येकी दोनशेच्या थोडी वर अमिनो आम्लांची, बाहेरून दिसणारी. व्हीपी४ छोटं, पंचाऐंशीच्या आसपास अमिनो आम्लांचं, आणि ते कायम आतल्या बाजूला.

ही चार प्रथिनं वेगवेगळी बनून मग एकत्र येतात का?

नाही, आणि गंमत तिथेच सुरू होते. पेशीतला रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, विषाणूचा धागा वाचत जातो तेव्हा एकच लांबलचक साखळी बाहेर पडते. कापडाचा अख्खा ताका विणायचा आणि मग त्यातून तुकडे बेतायचे, तसं. त्यातल्या कवचाच्या भागाला पी१ म्हणतात. पी१ मध्ये क्रम असा: व्हीपी४, व्हीपी२, व्हीपी३, व्हीपी१. आकड्यांचा क्रम उलटासुलटा आहे, कारण नावं कवचाच्या अभ्यासातून आधी पडली आणि साखळीतला क्रम नंतर कळला. परीक्षेत सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. चारही प्रथिनं एकाच साखळीतून निघाल्यामुळे त्यांचं प्रमाण आपोआप एकास एक राहतं, आणि ती जन्मापासून शेजारी शेजारी असतात. एकमेकांना शोधत पेशीभर भटकायची वेळच येत नाही.

तोटाही आहे. एका कवचाला ६० साखळ्या लागतात, म्हणजे कात्रीचं काम करणाऱ्या प्रथिनाच्याही ६० प्रती निघतात, जेव्हा थोड्यांवरही भागलं असतं. विषाणूला ही उधळपट्टी परवडते, कारण माल पेशीचा असतो.

मग कापतं कोण?

तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

साखळीच्या अगदी सुरुवातीला 'एल' नावाचं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) असतं. ते स्वतःलाच साखळीतून कापून घेतं. जाता जाता ते पेशीचा प्रथिननिर्मितीतला एक महत्त्वाचा घटकही कापतं, त्यामुळे पेशीची स्वतःची बरीचशी कामं ठप्प होतात आणि विषाणूचं चालू राहतं.

पी१ च्या शेवटाला २ए हा जेमतेम १८ अमिनो आम्लांचा तुकडा. हा काहीच कापत नाही. तो रायबोझोममधून बाहेर पडताना अशी अडचण करतो, की शेवटचा एक जोड बांधलाच जात नाही. रायबोझोम ती जागा सोडून पुढचं वाचायला लागतो. शिंप्यानं टाका घालायचा राहून जावा आणि कापड तिथेच सुटं व्हावं, तसं. जैवतंत्रज्ञानात एकाच जनुकातून दोन प्रथिनं सुटी काढायची असली की आज जगभर हाच २ए तुकडा उसना घेतात.

खरी कात्री म्हणजे ३सी हे विकर. ते पी१ ला व्हीपी०, व्हीपी३ आणि व्हीपी१ अशा तीन तुकड्यांत कापतं. व्हीपी० म्हणजे व्हीपी४ आणि व्हीपी२ अजून जोडलेलीच. त्यांची फारकत अगदी शेवटी होते, त्याबद्दल पुढे येईल.

पी१ ची घडी नीट बसावी म्हणून पेशीतलं एचएसपी९० हे मदतनीस प्रथिनही लागतं. ते अडवलं तर ३सी चं कापणं आणि पुढची जुळणी, दोन्ही रखडतात.

वर्गात 'जायफळ' शब्द ऐकला होता. त्याचा काय संबंध?

बरोबर ऐकलंत. 'एल' विकर बाजूला झालं की व्हीपी० चं टोक उघडं पडतं, आणि त्या टोकाला ग्लायसीन हे अमिनो आम्ल असतं. पेशीतलं एक विकर तिथे चौदा कार्बनांचं मेदाम्ल चिकटवतं, त्याचं नाव मिरिस्टिक आम्ल. हे पहिल्यांदा जायफळातून वेगळं काढलं गेलं, म्हणून जायफळाच्या शास्त्रीय नावावरून, मिरिस्टिका वरून, त्याचं बारसं झालं. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत ज्याची झाडं लावतात तेच जायफळ. खोबरेल तेलातही हे आम्ल भरपूर असतं.

आता मुद्द्याचं. ही तेलकट शेपटी नसेल तर ३सी आपलं कापण्याचं काम करतं, पण कापलेले तुकडे पुढे पाच-पाचच्या गटात जुळत नाहीत. प्रयोगशाळेत पी१ वेगळं बनवून, त्यात बाहेरून विकर घालून हे दाखवलेलं आहे. म्हणजे नुसतं कापून भागत नाही, टोकाला तेलाचं बोट लागलेलं असावं लागतं.

पाच-पाचचे गट कसले?

कापलेले व्हीपी०, व्हीपी३ आणि व्हीपी१ एकमेकांना धरूनच राहतात. या तिघांच्या जुडीला प्रोटोमर म्हणू. असे पाच प्रोटोमर गोल उभे राहिले की पेंटामर, म्हणजे पंचक. बारा पंचकं मिळून एक बंद कवच. १२ गुणिले ५ बरोबर ६०, हिशेब जुळला.

मधल्या टोकाभोवती पाच व्हीपी१ फेर धरतात. कोपऱ्यांवर, जिथे तीन पंचकं भेटतात, तिथे व्हीपी२ आणि व्हीपी३ आलटून पालटून येतात. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं पंचकांमधल्या या शिवणीवर अवलंबून आहे. पंचकाच्या आतली वीण घट्ट असते. दोन पंचकांमधली शिवण मात्र कच्ची.

आरएनए आत कसा शिरतो? आधी रिकामं कवच बनतं आणि मग भरलं जातं का?

दोन्ही कल्पना मांडल्या गेल्या होत्या. आता कल या बाजूला आहे, की पंचकं धाग्याभोवतीच जमतात आणि त्याला गुंडाळत कवच बंद करतात. धाग्यावर एकच 'मला उचला' अशी खूण नसून बऱ्याच जागा मिळून पंचकांना धरतात, असं या विषाणूच्या आरएनएचं खोलात वाचन केल्यावर दिसलं. याच्या नात्यातल्या पोलिओच्या विषाणूत आणखी एक गोष्ट ठाऊक आहे: ताजा, नुकताच नकललेला धागाच आत घेतला जातो, आणि नक्कल करणाऱ्या यंत्रणेतलं २सी हे प्रथिन व्हीपी३ ला धरून ही गाठ घालून देतं. छापखान्याच्या दारातच पाकिटं भरणारे बसवावेत, तशी ही व्यवस्था.

रिकामी कवचंही बनतात. काही प्रकारांत बरीच बनतात. ती रोग पसरवू शकत नाहीत, पण लसीच्या दृष्टीनं टाकाऊ अजिबात नाहीत.

व्हीपी० शेवटी का तुटतं?

कवच बंद झाल्यावर व्हीपी० आतल्या आत तुटून व्हीपी४ आणि व्हीपी२ सुटी होतात. बाहेरची कात्री तिथे पोहोचूच शकत नाही, कवच स्वतःच ते करतं. याच्या नात्यातल्या कित्येक विषाणूंत हा तुकडा आरएनए आत आल्यावरच पडतो, आणि त्यालाच कण 'पिकणं' म्हणतात. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूत मात्र रिकाम्या कवचांतही व्हीपी० तुटलेलं आढळतं. पाठ्यपुस्तकात पोलिओवरून लिहिलेलं वाक्य इथे जसंच्या तसं लावू नका.

१४६एस, ७५एस, १२एस हे काय प्रकरण आहे?

'एस' म्हणजे स्वेडबर्ग. थिओडोर स्वेडबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून आलेलं एकक, त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. गरगर फिरवल्यावर कण किती वेगानं खाली बसतो, ते हा आकडा सांगतो.

हे प्रत्यक्ष असं दिसतं. काचेसारख्या पारदर्शक नळीत साखरेच्या पाकाचे थर भरायचे, तळाशी घट्ट, वर पातळ, साधारण ४५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत. थर एकमेकांत मिसळू नयेत म्हणून हात इतका हळू चालवावा लागतो, की शेजारच्या टेबलावर कुणी खुर्ची सरकवली तरी अंगावर काटा येतो. वर नमुना ठेवायचा आणि नळी अतिवेगवान यंत्रात काही तास फिरवायची. मग नळीतला पाक एका टोकानं सावकाश काढत अतिनील प्रकाशासमोरून न्यायचा. पडद्यावर रेघ सपाट चालते आणि एका जागी टेकडी उभी राहते. ती टेकडी म्हणजे १४६एस, आरएनएसकट अख्खा कण. रिकाम्या कवचाची टेकडी ७५एस ला येते. सुटी पंचकं १२एस, ती वरच, पातळ पाकात रेंगाळतात.

लसीच्या कारखान्यात रोज हेच पाहतात. लसीच्या मात्रेत किती मायक्रोग्रॅम १४६एस आहे, यावर तिचा दर्जा ठरतो.

बर्फ वितळला तरी प्रथिनं तर बाटलीतच राहतात. मग लस वाया कशी जाते?

हा या पानावरचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रथिनं तीच राहतात, तितकीच राहतात. मोडतात त्या पंचकांमधल्या शिवणी. एका १४६एस कणाची बारा १२एस पंचकं होतात. वजन केलं तर फरक नाही, रंग तोच, बाटली तशीच. पण जनावराच्या शरीराला अख्ख्या कवचाचा आकार ओळखता यावा लागतो. सुट्या पंचकांविरुद्ध जी प्रतिकारशक्ती येते, ती अख्ख्या कणांच्या तुलनेत अगदीच तोकडी. घराच्या विटा ट्रॉलीतून आणून अंगणात ओतल्या म्हणून पोस्टमनला घर सापडत नाही.

एका शिबिरात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. लसीची पेटी सकाळी बर्फासकट नीट भरून आली होती. अकराच्या सुमारास कुणीतरी पिण्याच्या पाण्याची बाटली गार करायला तिच्यात ठेवली, झाकण अर्धवट लागलं, आणि पेटी जीपच्या बॉनेटवर राहिली. दीडला उघडली तेव्हा बर्फाच्या पिशव्या लिबलिबीत होत्या आणि लसीच्या बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. दुधाळ पांढरी लस जशी सकाळी दिसत होती तशीच दिसत होती. 'मॅडम, खराब झाली असती तर फाटली नसती का?' असं एका काकांनी विचारलं. दूध नासल्यावर फाटतं, लस नासल्यावर फाटत नाही, एवढंच उत्तर देता आलं. त्या बाटल्या आम्ही बाजूला काढल्या आणि उरलेली गुरं दुसऱ्या दिवशी घेतली.

म्हणून २ ते ८ अंश सेल्सिअस. फ्रीजरमध्येही नाही: गोठल्यावर लसीतलं तेल आणि पाणी यांचं मिश्रण फुटतं. एकदा गोठलेली बाटली वितळवून, हलवून वापरू नये.

सगळ्या प्रकारांचं कवच सारखंच नाजूक असतं का?

नाही. विषाणूचे सात प्रकार: ओ, ए, सी, एशिया १ आणि आफ्रिकेतले सॅट १, २, ३. त्यातला सी २००४ नंतर जगात कुठेच आढळलेला नाही. भारतातली लस ओ, ए आणि एशिया १ अशी त्रिसंयुजी असते. यातलं ए चं कवच तुलनेनं दणकट, ओ चं नाजूक, आणि सॅट २ चंही नाजूक. आपल्याकडच्या साथींमध्ये ओ चाच भरणा जास्त, म्हणजे शीतसाखळीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच.

मुळात इतकं कच्चं कवच विषाणूला परवडतं कसं?

कारण ते मोडण्यासाठीच बांधलेलं आहे. कण पेशीच्या आत गेला की पेशी त्याला एका पिशवीत घेते आणि त्या पिशवीत हळूहळू आम्ल वाढतं. पीएच साडेसहाच्या खाली आला की पंचकं सुटतात आणि धागा बाहेर पडतो. कवच पोलिओसारखं आम्लात टिकणारं असतं तर या विषाणूची ही किल्ली चालली नसती.

शिवणीवर हिस्टिडीन नावाची अमिनो आम्लं दाटीनं बसलेली असतात. साध्या पीएचला त्यांच्यावर विद्युतभार जवळजवळ नसतो. आम्ल वाढलं की त्यांच्यावर धन भार चढतो आणि समोरच्या पंचकाशी त्यांचं पटेनासं होतं. व्हीपी३ मधलं १४२ क्रमांकाचं हिस्टिडीन यात प्रमुख.

गोठ्यात फिनेल शिंपडलं तर पुरे का?

फिनेलवर विसंबू नका. चरबीचं पांघरूण असलेल्या विषाणूंचं ते नुकसान करतं, याला पांघरूणच नाही. शेण-मातीत तर त्याचा जोर आणखी कमी पडतो. याच्या शिवणी आम्लात सुटतात आणि तीव्र अल्कलीतही. म्हणून धुण्याचा सोडा ४ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. खाण्याचा सोडा नव्हे. नाहीतर सायट्रिक आम्ल ०.२ टक्के, १० लिटरला २० ग्रॅम. आधी शेण खरवडून जागा धुवा, मग हे वापरा. सोडा आणि आम्ल एकत्र करू नका, दोघंही एकमेकांना मारतात आणि विषाणू मजेत राहतो.

हे गोठा, भांडी आणि चाकांसाठी आहे. आजारी जनावराच्या तोंडात काय लावायचं, ते तुमच्या पशुवैद्यकाला विचारा.

पेशीला चिकटणारं प्रथिन व्हीपी१ आहे, मग नुसतं तेच टोचलं तर?

प्रयत्न झाला. व्हीपी१ वर बाहेर डोकावणारा एक लवचिक वेढा असतो, साधारण १४० ते १६० क्रमांकांच्या दरम्यान. त्यावरची तीन अमिनो आम्लं पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाला धरतात. १९८१ मध्ये अमेरिकेत जनुकीय तंत्रानं ई. कोलाय जिवाणूत व्हीपी१ बनवून गाई आणि डुकरांना टोचलं गेलं. तेव्हा मोठा गाजावाजा झाला, आणि तो वावगाही नव्हता. पण अख्ख्या कणाच्या तोडीची ताकद त्यात आली नाही, आणि बाजारातली लस आजही मुख्यतः अख्ख्या, मारलेल्या विषाणूचीच आहे. वेढा एकटा असला की हवा तसा वळतो. कवचावर असला की शेजाऱ्यांच्या धाकात राहतो, आणि शिवाय प्रतिपिंडांना धरायला दोन-तीन प्रथिनांच्या सांध्यावरच्या जागाही मिळतात. त्या जागा सुट्या व्हीपी१ वर असतच नाहीत.

जिवंत विषाणू न वाढवता नुसतं कवच बनवता येतं का?

येतं, आणि त्याची गरजही आहे. आजची लस बनवायला आधी खराखुरा विषाणू बीएचके-२१ या हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींत हजारो लिटर वाढवावा लागतो, मग बायनरी इथिलीनइमाइन घालून मारावा लागतो. हे रसायन आरएनए निकामी करतं आणि कवचाला फारसा धक्का लावत नाही, म्हणूनच ते निवडलं. पण जिवंत विषाणूचे पिंप भरून ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात लागण झाली, ती पर्ब्राइटच्या, म्हणजे या विषाणूवर संशोधन आणि लसनिर्मिती चालणाऱ्या, संकुलातल्या गळक्या सांडपाण्याच्या नळांमधून विषाणू निसटल्यामुळे, असं चौकशीत पुढे आलं.

नुसत्या कवचासाठी दोनच गोष्टी लागतात: पी१-२ए आणि ती कापायला ३सी. अडचण अशी, की ३सी पेशीचीही प्रथिनं कापतं, अगदी डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनलाही सोडत नाही. जास्त झालं की कारखानाच बंद पडतो, कमी झालं की पी१ कापलं जात नाही. भाजीत मीठ घालण्याइतकं बारीक काम. संशोधकांनी ३सी चा जोर कमी करून कीटकांच्या पेशींमध्ये रिकामी कवचं काढली आहेत.

आणखी एक वाट अमेरिकेनं घेतली. निरुपद्रवी केलेल्या अडेनोविषाणूत पी१-२ए आणि ३सी ची जनुकं भरायची आणि तोच टोचायचा. कवच जनावराच्या स्वतःच्या पेशींत जुळतं. तिथल्या कृषी विभागानं २०१२ मध्ये या लसीला सशर्त परवाना दिला. कल्पना म्हणून मला ही फार आवडते.

कवच टिकाऊ करता येणार नाही का?

करता येतं. रिकाम्या कवचाला पेशीत शिरून फुटायचं नसतं, त्यामुळे त्याच्या शिवणी पक्क्या केल्या तरी कुणाची तक्रार नाही. ए प्रकारच्या एका वाणात व्हीपी२ मधलं ९३ वं अमिनो आम्ल बदलून सिस्टीन केलं. ही जागा बरोबर दोन पंचकांच्या शिवणीवर येते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन सिस्टीनांमध्ये गंधकाचा पूल बांधला जातो. असं कवच उष्णता आणि आम्ल दोन्हींत जास्त टिकलं. ओ आणि सॅट २ साठी त्याच जागी वेगळे बदल संगणकावर आधी तपासून मग करून पाहिले गेले, आणि तेही कामी आले. आपल्या उन्हाळ्यात, आडगावच्या शिबिरात, अशी लस किती उपयोगी पडेल हे वेगळं सांगायला नको.

रक्त तपासून लसीची प्रतिकारशक्ती आणि रोगाची, यांत फरक कळतो का?

कळतो. शुद्ध केलेल्या लसीत जवळजवळ नुसतं कवच असतं. जनावराला खरा रोग झाला तर विषाणू त्याच्या अंगात वाढतो आणि जुळणीमागची कामगार प्रथिनंही बनतात. त्यातल्या ३एबीसी विरुद्ध प्रतिपिंडं सापडली की रोग येऊन गेला असं धरतात. लस नीट शुद्ध केलेली नसेल आणि वारंवार टोचली असेल, तर मात्र घोळ होतो. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लस आणि कानात बिल्ला असतो. तिथे साथीचा माग काढायला हीच चाचणी कामी येते.

मेंढ्यांच्या ब्लूटंगमध्येही अशीच जुळणी असते?

अजिबात नाही, आणि म्हणूनच दोघांची तुलना मजेशीर आहे. महाराष्ट्राचं या रोगाशी जुनं नातं आहे: भारतातली पहिली नोंद १९६४ ची, इथल्याच शेळ्या-मेंढ्यांमधली.

याचा आरएनए एक धागा नसून दुपदरी दहा तुकडे आहेत, आणि दहाही आत यायला हवेत. कवच एकात एक डब्यांसारखं. सगळ्यात आत व्हीपी३ च्या १२० प्रतींचा पातळ पापुद्रा. त्यावर व्हीपी७ च्या ७८० प्रती तिघातिघांच्या गटांनी बसतात आणि त्याला मजबुती देतात. सगळ्यात बाहेर व्हीपी२ आणि व्हीपी५. एनएस२ हे प्रथिन अंतिम कणात नसतं, पण पेशीत कामाची ओसरी तेच उभारतं, जिथे सगळे घटक गोळा होतात. मूळ कोलकात्याच्या पॉली रॉय यांनी आयुष्यभर यावर काम केलं. १९९० मध्ये त्यांच्या गटानं ही चारही कवच-प्रथिनं कीटकांच्या पेशींत एकत्र बनवली, आणि डबे आपोआप एकात एक बसले. इथली व्हीपी१, व्हीपी२ आणि लाळ्या-खुरकुतातली व्हीपी१, व्हीपी२ यांचं नावापलीकडे काही नातं नाही, हे उत्तरपत्रिका लिहिताना लक्षात ठेवा.

आणि लम्पी?

तो फार मोठा, डीएनएवाला, देवीच्या कुळातला विषाणू. दीड लाखांच्या आसपास अक्षरं. त्याची जुळणी म्हणजे अख्खी वेगळी वसाहत, तिला स्वतंत्र पान लागेल.

लहान मुलांना हात-पाय-तोंडाचे फोड येतात, ते गुरांमुळे का?

नाही. तो कॉक्सॅकी आणि त्याच्या जातभाई विषाणूंमुळे येतो. कूळ एक, विषाणू वेगळे.

जुळणी थांबवणारं औषध मिळतं का?

गुरांना द्यायचं असं मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही. एचएसपी९० अडवणारी रसायनं प्रयोगशाळेत चालतात, पण ते प्रथिन मुळात पेशीचं आहे, म्हणजे जनावराचंही नुकसान व्हायचं.

वर्गात मॉडेल करायचं आहे. कसं करू?

जाड पुठ्ठ्याचे १२ सारखे पंचकोन कापा, प्रत्येक बाजू १२ सेंटिमीटर. चेंडू साधारण ३० सेंटिमीटरचा होतो, म्हणजे खऱ्या कणाच्या एक कोटी पट. मध्यापासून प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत रेघ ओढा, पाच पतंग दिसतील. एक पतंग म्हणजे एक प्रोटोमर. मध्याकडे व्हीपी१ चा रंग, कोपऱ्याकडे व्हीपी२ आणि व्हीपी३ चे. आतल्या बाजूला व्हीपी४ म्हणून कापसाची छोटी शेपूट चिकटवा.

प्रत्येक बाजूला दोन छोटे लोहचुंबक लावा, मध्यबिंदूपासून सारख्या अंतरावर, एकाचा उत्तर ध्रुव बाहेर आणि दुसऱ्याचा दक्षिण. सगळ्या पंचकोनांवर फिरण्याची दिशा एकच ठेवा, नाहीतर काही बाजू एकमेकींना ढकलतात. एकूण १२० चुंबक लागतील. आरएनए म्हणून लोकर. मापाला धरून राहायचं तर निदान २५ मीटर.

गेल्या वर्षी एका गटानं चुंबकांचा खर्च वाचवायला बाजू सरळ फेव्हिकॉलनं चिकटवल्या. कवच इतकं पक्कं झालं, की टेबलावरून पडूनही तुटलं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की लोकर बाहेरच राहिली आहे. शेजारच्या चुंबकवाल्या गटाचा चेंडू दोनदा हातात फुटला, पण लोकर आत होती. गुण मी त्यांना जास्त दिले.